रक्तातील साखर आणि आईचे ताट

(विक्रोळी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गांत आरोग्याचा विषय सहसा शेवटच्या सत्रात येतो. वेतन, घरे, महागाई, जातीय तणाव हे सारे आटोपलेले असते आणि निम्मे कार्यकर्ते गाडी पकडण्यासाठी उठलेले असतात. आज संयोजकांनी तो पहिल्या सत्रात ठेवला याबद्दल त्यांचे आभार मानतो आणि सरळ विषयाला हात घालतो. मला मधुमेहाविषयी बोलावयाचे आहे. अधिक नेमके सांगावयाचे तर, पुण्यातील एका संशोधकाने जवळजवळ चार दशके माणसांच्या रक्तातील साखर मोजून जे शोधून काढले त्याविषयी, आणि त्याचा कन्नमवारनगर, टागोरनगर, पार्कसाइट येथील माणसांशी काय संबंध पोहोचतो त्याविषयी.

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. गादीवर बसून ज्याचे पोट सुटले त्या शेठजीला तो व्हावयाचा. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसाचा आणि त्याचा काय संबंध? पुरोगामी म्हणविणाऱ्या आपल्या मंडळींतही ही समजूत इतकी पक्की होती की, क्षय, हिवताप, कुपोषण हे आपले प्रश्न आणि मधुमेह, रक्तदाब हे पांढरपेशांचे प्रश्न, अशी वाटणी आपण केव्हाच करून टाकली. आता आकडे पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मुंबई महानगरपालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत सज्ञान मुंबईकरांपैकी सुमारे १८ टक्क्यांच्या रक्तात साखर वाढलेली आढळली. दर पाचसहा माणसांत एक. एवढे शेठजी या शहरात नाहीत.

विक्रोळीत तर हे डोळ्यांनी दिसते. गोदरेजचा कारखाना येथे चाळीसच्या दशकात येऊ लागला. पुढे कांजूर, भांडुप, मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग उभी राहिली आणि त्यांच्या भोवती गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती व डोंगरावरच्या झोपड्या वाढल्या. त्या रांगेतील कितीतरी भोंगे आता बंद झाले. पण त्या भोंग्यांवर आयुष्य काढलेला फिटर, टर्नर, मोल्डर अजून येथेच राहतो. सकाळी पालिकेच्या दवाखान्याबाहेर रांगेत उभा असतो. पोट सुटलेले नाही, हातपाय काटकुळे, आणि केसपेपरवर लिहिलेले असते मधुमेह. शेठजीचा रोग या माणसाला कसा झाला?

नेहमीचे उत्तर तयार असते. तो आळशी झाला, वडापाव खातो, दूरचित्रवाणीपुढे बसतो. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि अपुरे उत्तर सोयीचे असले की ते फार दिवस टिकते. रोग्यालाच दोषी ठरविले की बाकीच्यांची सुटका होते.

ज्यांनी हे उत्तर अपुरे ठरविले त्या संशोधकाचे नाव डॉ. चित्तरंजन याज्ञिक. केईएम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परळ उभे राहते. पण पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालय निराळे, विश्वस्त संस्थेचे. डॉ. बानू कोयाजी यांनी ते वाढविले आणि सत्तरच्या दशकात त्यांनी रुग्णालयाला शहराबाहेर, वढू परिसरातील खेड्यांपर्यंत नेले. डॉक्टरने खेड्यात जावे हे सांगणारे पुष्कळ. तेथे कायमची व्यवस्था उभी करणारे थोडे. ही व्यवस्था नसती तर पुढचे संशोधन झालेच नसते, म्हणून तिचा उल्लेख केला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले याज्ञिक ऑक्सफर्डला संशोधन करून परतले ते या रुग्णालयात. तेथे त्यांना दिसले की आपल्या पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील मधुमेही आणि पुण्याच्या बाह्यरुग्ण विभागातील मधुमेही ही दोन निरनिराळी माणसे आहेत. पुस्तकातला रोगी स्थूल आणि साठीकडे झुकलेला. पुण्यातला रोगी तुलनेने तरुण आणि बारीक. चरकाने स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे प्रमेही सांगितले होते, ही जाता जाता आठवण. त्याचा अर्थ सारे आपल्याकडे आधीच ठाऊक होते असा मुळीच नव्हे. निरीक्षण होते, कारण ठाऊक नव्हते.

कारण शोधावयाचे तर मोजावे लागते. येथे मोजण्याविषयीच दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सारी कथा त्यावर उभी आहे. आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल की पूर्वी मधुमेहाची तपासणी म्हणजे काचेच्या नळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण, त्यात लघवीचे काही थेंब, आणि खाली स्पिरिटचा दिवा. द्रावण निळे राहिले तर ठीक. हिरवे, पिवळे, नारिंगी होत विटकरी झाले की रोग बळावला. ही तपासणी स्वस्त होती, पण फार उशिरा बोलणारी होती. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. उपाशीपोटी १२६ हे मधुमेहाचे निदान करणारे माप आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे निळे द्रावण किती जणांना निरोगी म्हणून घरी पाठवीत असेल याची कल्पना येईल. १९६०च्या दशकात रक्ताच्या एका थेंबाने रंग बदलणारी कागदी पट्टी आली, १९७०च्या सुमारास तो रंग वाचणारे यंत्र आले, आणि १९८०च्या दशकाअखेर ते खिशात मावू लागले. आजचा ग्लुकोमीटर हे त्याचेच नातवंड. पट्टीवरील विकर रक्तातील ग्लुकोजवर काम करते, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र तो आकड्यात मांडते. याखेरीज एचबीएवनसी नावाची तपासणी आहे. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे हे ती पाहते आणि गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी सांगते. तिच्यात एक गोम आहे, ती मागाहून सांगतो.

याज्ञिकांनी काय केले? त्यांनी मधुमेह्यांची साखर मोजलीच. पण ज्यांना कोणीही रोगी म्हटले नसते त्यांची साखरही मोजली. केईएममध्ये १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांची जन्मवजने नोंदलेली होती. ही मुले चार वर्षांची झाल्यावर त्यांना ग्लुकोज पाजून त्यांचे रक्त तपासले गेले. ज्यांचे जन्मवजन कमी होते त्यांच्या रक्तात साखर अधिक, आणि साखर पेशींत ढकलणारे इन्सुलिनही अधिक. चार वर्षांची मुले, मित्रहो. त्यांनी वडापाव खाल्ला नव्हता, बैठे काम केले नव्हते. हीच मुले आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. सर्वाधिक धोका होता तो जन्मतः लहान असून पुढे झपाट्याने मोठ्या झालेल्या मुलांना. म्हणजे गर्भात उपवास आणि बाहेर आल्यावर शहरी भरपेट, हा संयोग वाईट.

इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी याच सुमारास एक विचार मांडला होता. हर्टफर्डशायर परगण्यातील सुइणींनी शतकाच्या प्रारंभी काळजीपूर्वक लिहून ठेवलेली जन्मवजने त्यांना सापडली, आणि कमी वजनाची ती बाळे म्हातारपणी हृदयविकार व मधुमेहाने अधिक पीडली गेल्याचे दिसले. गर्भाला अन्न कमी पडले की तो काटकसर करतो. मेंदू राखतो आणि स्नायू, स्वादुपिंड, यकृत यांच्या वाट्याला कमी येते. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याच्या नाकेबंदीमुळे पडलेल्या दुष्काळात जे गर्भात होते, त्यांच्याही रक्तात पन्नास वर्षांनी साखर वाढलेली आढळली. युद्ध संपल्यावरही नाकेबंदी त्यांच्या शरीरात शिल्लक होती.

तथापि हॉलंडमधला दुष्काळ काही महिन्यांचा होता. आपल्याकडे तो कितीतरी घरांत नित्याचा. बार्कर व त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्याने याज्ञिकांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत एक पाहणी सुरू केली. विवाहित स्त्रियांची गर्भारपणापूर्वीच नोंद करावयाची, त्यांचे वजन, आहार, रक्त, कामाचे तास मोजावयाचे, बाळ जन्मताच त्याचे मोजमाप घ्यावयाचे आणि मग त्याचा पिच्छा सोडावयाचा नाही. सुमारे आठशे गर्भारपणांचा हा हिशेब आहे. या मातांचे सरासरी वय एकवीस, गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळांचे सरासरी जन्मवजन पावणेतीन किलोहून कमी. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधील बाळांचे साडेतीन किलो. येथे एक हिशेब मी माझ्या जबाबदारीवर मांडतो, तो संशोधनाचा निष्कर्ष नव्हे. १९९३-९४ मध्ये एकवीस वर्षांची असलेली बाई जन्मली केव्हा? १९७२-७३ मध्ये. त्या वर्षी महाराष्ट्रात काय चालले होते हे या सभागृहातील जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. त्यांपैकी कित्येक जण दुष्काळी कामांवरील मजुरीच्या लढ्यात होते.

आता शोध. ही बाळे साउदॅम्प्टनच्या बाळांहून सर्व बाजूंनी लहान असतील अशी अपेक्षा होती. ती तशी नव्हती. पोटाचा घेर लहान, दंड बारीक, स्नायू कमी. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरलेल्या कातडीतील चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच. पावणेतीन किलोच्या बाळात साडेतीन किलोच्या बाळाची चरबी. अवयवांवर काटकसर झाली, चरबीवर झाली नाही. २००३ साली हे प्रसिद्ध झाले आणि दिसावयास बारीक, आतून मेदयुक्त असे हे भारतीय बाळ जगाच्या वैद्यकीय परिभाषेत जाऊन बसले. स्नायू हा रक्तातील साखर वापरणारा मोठा गिऱ्हाईक. तोच जन्मतः लहान. मेद हा इन्सुलिनच्या कामात अडथळा आणणारा, तो भरपूर. रोगाची अर्धी सामग्री पाळण्यातच गोळा झाली.

पुढल्या वर्षी याज्ञिकांनी हीच गोष्ट स्वतःच्या देहावर सिद्ध करून दाखविली. ते आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ज्यावरून जगभर स्थूलता ठरविली जाते, तो दोघांचाही सारखाच, २२.३. दोघेही सडपातळ. क्ष-किरणांनी शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांचा ९ टक्के आणि याज्ञिकांचा २१ टक्के. या चित्राची चर्चा गमतीने पुष्कळ झाली. मला त्यात गंभीर अर्थ दिसतो. निरोगी म्हणजे काय याचे माप युरोपीय देहावर बेतलेले होते आणि ते आपल्या देहाला लावून आपल्याला ‘तुम्ही बारीक आहात, तुम्हाला काय होणार’ असे सांगितले जात होते. दवाखान्यातील डॉक्टरही तेच पुस्तक शिकलेला. तो तरी दुसरे काय सांगणार?

त्या सहा खेड्यांतील बाळे अठरा वर्षांची झाली. पुन्हा ग्लुकोज पाजले, पुन्हा रक्त काढले. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांची साखर निरोगी मर्यादेबाहेर गेलेली होती. ही लठ्ठ मुले नव्हती. त्यांतील जवळपास निम्मी वजनाने कमी होती. आणि सहा व बारा वर्षांच्या वयात घेतलेल्या नोंदी उलगडून पाहिल्या तर याच मुलांची उपाशीपोटीची साखर तेव्हाही इतरांपेक्षा किंचित वर होती. आपला सरकारी कार्यक्रम साखर केव्हा तपासू लागतो? वयाच्या तिसाव्या वर्षी. बारा वर्षे गाडी धावून गेल्यावर आपण फलाटावर तिकीट तपासावयास उभे राहतो.

आता आईच्या ताटाकडे येतो. बाळाचे वजन आईने किती उष्मांक आणि किती प्रथिने खाल्ली यावर अवलंबून असेल असे वाटत होते. तसा संबंध दिसला नाही. दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. ज्या आया हे पदार्थ वरचेवर खात, त्यांची बाळे मोठी. उलट ज्यांना शेतात आणि घरात कष्टाची कामे अधिक, विहिरीवरून पाणी ओढून आणणे अधिक, त्यांची बाळे लहान. हे वाक्य मी वैद्यकीय निबंधात वाचले तेव्हा थबकलो. पाण्याच्या हंड्याचे ओझे बाळाच्या वजनातून वजा होते, हे आपल्या पाणीमोर्चातील बायांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. पण आता त्याला मोजमापाचा आधार मिळाला. डोंगरावरच्या वस्तीतील बाई आजही चढणीवरून पाणी नेते. ते गैरसोयीचे आहे म्हणून आपण नळ मागतो. पुढच्या पिढीच्या स्वादुपिंडासाठीही तो मागावयास हवा.

रक्ताच्या तपासणीतून आणखी एक धागा निघाला. या मातांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. फोलेट, म्हणजे ज्याची गोळी गर्भवतीला लोहाबरोबर दिली जाते ते, पुरेसे किंवा भरपूर. ज्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट अधिक, त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी ठरली. बी-१२ वनस्पतींत नसते. ते मिळते दूध, अंडी, मासे, मटणातून. याचा अर्थ फोलिक आम्लाच्या गोळ्या फेकून द्या असा कोणी घेऊ नये. त्या गोळीने बाळाच्या मज्जारज्जूचे विकार टळतात. अर्थ इतकाच की एका जीवनसत्त्वाची गोळी देऊन सकस अन्नाचे कर्तव्य पार पडत नाही. पुण्यातील पुरुषांच्या दुसऱ्या एका पाहणीत खेडे, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती अशा तिन्ही ठिकाणी ही उणीव आढळली, आणि सर्वाधिक आढळली ती मध्यमवर्गीयांत. दारिद्र्याखेरीज सोवळेपणाही आपले काम करतो, हेही सांगितले पाहिजे.

म्हणूनच एका सरकारी निर्णयाकडे मी आपले लक्ष वेधतो. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या मध्यान्ह भोजनात आठवड्याला एक अंडे द्यावयाचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविला. हवे असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावे असे सांगितले. अंड्यावरून जो वाद झाला तो धर्माच्या आणि भावनेच्या भाषेत झाला. जी मुलगी ते अंडे खात होती तिच्या पोटी आणखी दहाबारा वर्षांनी येणाऱ्या बाळाविषयी त्या वादात कोणी बोलले नाही.

हे सारे बदलता येते काय, हा खरा प्रश्न. त्याचे एक उत्तर मुंबईनेच शोधले आहे. वांद्रे-खार-सांताक्रूझ भागातील झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून एक प्रयोग केला. सहा हजारांहून अधिक स्त्रियांची त्यात नोंद झाली. एका गटाला पालेभाजी, फळे व दुधाची भुकटी घालून केलेला रोजचा खाऊ, समोशासारखा, भजीसारखा; दुसऱ्या गटाला दिसावयास तसाच, पण कांदा-बटाट्यासारख्या कमी पोषणमूल्याच्या भाज्यांचा. गर्भ राहण्यापूर्वीपासून प्रसूतीपर्यंत. निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगतो. सर्व स्त्रिया एकत्र धरता बाळांच्या वजनात भरवशाचा फरक पडला नाही. ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वी निदान तीन महिने हा खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सुमारे ४८ ग्रॅमने वाढले. अगदी कृश स्त्रियांना मात्र तोही लाभ झाला नाही. वर्षानुवर्षांची उपासमार एका समोशाने भरून निघत नाही. पण गर्भारपणी होणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण पहा. दुसऱ्या गटात ते १२.४ टक्के होते, पालेभाजीच्या गटात ७.३. कोणतेही औषध न देता, हिरव्या भाजीने आणि दुधाने. गर्भवतीची साखर वाढली की तिचे बाळही पुढे मधुमेहाच्या वाटेवर लागते, हे ठाऊक असल्यामुळे या आकड्याचे मोल दोन पिढ्यांचे आहे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. या संशोधनाचा विपर्यास करून उद्या कोणी आईलाच आरोपी करील. तू नीट खाल्ले नाहीस म्हणून मुलाला मधुमेह झाला, असे सासू सुनेला ऐकवील. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर तळाशी उरलेले खाणारी बाई स्वतःच्या ताटाची मालकीण नसते. ती भाजी कोणत्या भावाने येते, तिच्या नवऱ्याला काम किती दिवस मिळते, घरात आधी कोण जेवते, यांवर ते ताट ठरते. दुसरा विपर्यास दैववादी. गर्भातच सारे ठरले, आता औषध-पथ्य कशाला, असे म्हणणारेही भेटतील. गर्भात कल ठरतो; तो कल पुढच्या चाळीस वर्षांत वळवता येतो आणि वाढवताही येतो.

आता मघाची गोम. एचबीएवनसी ही तपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून आहे. शरीरात लोह कमी असले तर तिचा आकडा खोटा चढतो. आपल्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आहे. म्हणजे जिचे रक्त पांढुरके तिला साखर नसताना भीती दाखविली जाण्याचा संभव. शिबिरांत एकाच नळीवर साऱ्या वस्तीचा निकाल लावणाऱ्यांनी हे पाहावे. गर्भवतींसाठी चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी रूढ केलेली पद्धत साधी आहे. बाई जेवून आलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजावयाचे आणि दोन तासांनी रक्त तपासावयाचे. १४० किंवा अधिक आले तर ती मधुमेहाची समजावयाची. मार्गदर्शक सूचनांत हे आहे. पण ज्या घरकामगार बाईला सकाळी सात वाजता हिरानंदानीत भांड्यांना पोहोचावयाचे असते, तिने दवाखान्यात दोन तास बसावयाचे केव्हा? पालिकेचे ‘आपला दवाखाना’ २०२२ पासून सुरू झाले आणि त्यांतील काही सायंकाळीही उघडे राहतात, ही गोष्ट चांगली आहे. ती वेळ या तपासणीसाठी वापरता येईल.

घरी साखर मोजण्याचेही तेच. यंत्र एकदा घेता येते. पट्टी दर वेळी लागते आणि गिऱ्हाईक बांधले जाते ते पट्टीने. २०१३ साली संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशी, स्वस्त पट्टीचे ग्लुकोमीटर जाहीर झाले, त्यांतील एकाच्या घडणीत आपल्या शेजारच्या पवईच्या आयआयटीचा हात होता. ज्ञान डोंगराच्या पलीकडे तयार झाले. ते पार्कसाइटच्या दवाखान्याच्या कपाटापर्यंत पोहोचविणे उरले आहे. दरम्यान दंडावर चिकटवून चोवीस तास साखर सांगणारी चकती बाजारात आली. दोन आठवड्यांना काही हजार रुपये. ज्याला रोज इन्सुलिनची अनेक इंजेक्शने घ्यावी लागतात त्या मुलाला ती जीवनदायी आहे. तिची जाहिरात मात्र चालते ती निरोगी, पैसेवाल्या हौशी लोकांसाठी. इन्सुलिनचा शोध लावणाऱ्या टोरांटोच्या संशोधकांनी १९२३ साली त्याचे एकस्व विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले होते, हे अशा वेळी आठवते.

शेवटी एक चिठ्ठी आली आहे तिचे उत्तर देतो. ‘मग आम्ही चहातली साखर सोडायची की नाही?’ सोडावयाची. दिवसातून सहा कटिंग घेणाऱ्यांनी तर आजपासून. आपल्या घरातील तिशीच्या आतल्या मुलांचीही एकदा उपाशीपोटी साखर तपासून घ्या, ती बारीक आहेत म्हणून थांबू नका. आणि संयोजकांना एक विनंती. वस्तीतील अंगणवाड्यांत किती किशोरवयीन मुलींची आणि किती गर्भवतींची नोंद आहे, त्यांना प्रत्यक्ष काय खावयास मिळते, आणि दवाखान्यात रक्त तपासण्याची वेळ कोणती, एवढ्या तीन गोष्टींची पाहणी पुढील महिन्याच्या आत पुरी करावी. आदिवासी क्षेत्रांत २०१५ पासून गर्भवतींना रोज एक वेळचे गरम जेवण देण्याची अमृत आहार योजना आहे. मुंबईच्या वस्त्यांत तशी योजना मागावयाची तर तिच्या निवेदनासोबत ही पाहणी जोडावी लागेल.